भट्टीला कान लावणाऱ्या अक्का

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भट्टीच्या पोलादी अंगावर टेकवून अक्का मुठीला कान लावून उभ्या राहत. गॅरेजमधला मेकॅनिक इंजिन ऐकतो, तशा. अंगावर मात्र इस्त्रीची कॉटनची साडी आणि केसांत मल्लेश्वरमच्या बाजारातला मोगरा.

नव्वदच्या दशकात आम्ही तिथल्याच एका छोट्या प्रयोगशाळेत बेरियम फ्लोराइडचे स्फटिक बनवत होतो. गॅमा किरण आत शिरला की हा स्फटिक क्षणभर चमकतो. त्यावरून किरणोत्सर्ग मोजता येतो. तंजावूरकडच्या जुन्या मराठी घरातल्या अक्का आमच्या प्रमुख. वितळलेलं फ्लोराइड फार हळूहळू निववावं लागे. तडा गेलाच, तर आतून बारीक ‘टक्’ ऐकू येई. “टक् झालं की संपलं,” त्या म्हणत. “भट्टी बंद करायची नि घरी जायचं. रडायचं नाही.”

निवृत्ती जवळ आली तसं त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. हे फक्त मला ठाऊक होतं. स्क्रूड्रायव्हर माझ्या हाती देऊन त्या हळूच विचारत, “काय रे, झालं का काही?”

“नाही, अक्का.”

“सरी, ठीक आहे. तू माझा डावा कान. उजवा कधीच गेला!”

आमचा सर्वांत मोठा स्फटिक निवत असताना तंजावूरहून फोन आला. धाकटी बहीण फार आजारी होती, अक्कांना बोलावत होती. “एवढा बाहेर काढते नि निघतेच,” असं सांगून अक्कांनी फोन ठेवला.

त्याच दुपारी मला टक् ऐकू आलं. अगदी स्पष्ट.

“काय रे?” अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या चेहऱ्यावरची आशा मला मोडवेना.

“काही नाही, अक्का.”

खरं सांगितलं असतं, तर त्या संध्याकाळच्याच गाडीला बसल्या असत्या. त्या थांबल्या. तडकलेल्या स्फटिकाची राखण करत बसल्या. भट्टी उघडायच्या आधीच दुसरा फोन आला. बहीण गेली होती.

आज माझी पन्नाशी उलटली. तापलेलं पातेलं ओट्यावर टेकवताना टक् झालं, तरी हात थबकतो.

तंजावूरहून परतल्यावर अक्कांनी भट्टी उघडली. स्फटिक मधोमध दुभंगला होता. तड्याच्या कडा धुरकटलेल्या. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

“चांगला गरम असतानाच गेला रे हा,” एवढंच म्हणाल्या.

मी भट्टीचं झाकण पुसू लागलो.

पुढचे महिने त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच वागल्या. डब्यातलं चित्रान्न वाढत, माझ्या आईची चौकशी करत. फक्त भट्टी निवत असली, की स्क्रूड्रायव्हर वॉचमनच्या हातात देत, आणि मी शेजारी उभा असताना त्याला कन्नडमध्ये विचारत, ऐकू आलं का काही?