पोटाखालचा हात

अंगात येणं, झपाटणं, बाहेरची बाधा... या सगळ्यावर मी जन्मभर हसत आलो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि तोही रसायनशास्त्राचा. हायस्कूलच्या सरांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, पोटच्या मुलासारखं जेवू घातलं, म्हणून मी शिकलो. ते म्हणायचे, डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा तपासल्याशिवाय मानू नये. त्यांच्या उपकारांची आठवण ठेवून मी ते पाळलं. कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी विचारायचो, आदल्या दिवशी जेवणात काय होतं? पुढचं वाचून तुम्ही मला हाच प्रश्न विचारलात तर मला राग येणार नाही.

१९८६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला राहत होतो. दुसरा मजला, वन रूम किचन, पुढे हातभर गॅलरी. मी, बायको सुमन आणि दुसरीची परीक्षा दिलेली आमची वैशू. मी तिथल्याच एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होतो. बढती मिळाली, उभ्याचं काम जाऊन खुर्चीचं काम आलं आणि बघता बघता पोट सुटलं. ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर पोहा.

पोहा म्हटल्यावर मला बरं वाटलं. मी खानापूर तालुक्यातला. पाऊस कमी, पण विहिरी खोल. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवायची एक रीत आहे. पोराच्या कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक विहिरीच्या काठावर थोरल्या माणसाच्या हातात, आणि पोराला द्यायचं ढकलून. पोर हातपाय मारतं, दोर त्याला वर धरतो. मग एक दिवस, पोराला न सांगता, वरचा माणूस दोर ढिला सोडतो. पोर एकदा खाली जातं, नाकातोंडात पाणी जातं... आणि आपलं आपण वर येतं. झालं, आलं पोहायला. एकदा बुडाल्याशिवाय पोहणं येत नाही, असं आमच्याकडे म्हणतातच. मला माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, असंच शिकवलं. पुढे कॉलेजसाठी गाव सुटलं आणि पोहणंही सुटलं, ते पंधरा-सोळा वर्षं.

लॅबमधला परब – मूळचा मालवणचा – घराजवळच्या स्विमिंग पूलचा मेंबर होता. त्यानेच मला सकाळच्या बॅचला नेलं. पहिल्या दिवशी मी आपला विहिरीत पोहायचो तसा, मान वर काढून, पाणी उडवत निघालो. अर्ध्यातच धाप लागली. परब काठावर पाय सोडून बसला होता.

"माने, तू पोहतोयस की कुणाला शोधतोयस रे?"

सगळी बॅच हसली. मीही हसलो. कोच भले होते, त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की तोंड पाण्यात घाला, श्वास मान बाजूला वळवून घ्या, मग दम टिकेल. मला ते जड गेलं. विहिरीत आम्ही तोंड कधी पाण्यात घालत नसू. म्हातारी माणसं म्हणायची, पोहताना खाली बघू नये. का, ते कुणी सांगत नसे आणि आम्हीही विचारत नव्हतो.

पण शिकायचं म्हटल्यावर मी मनापासून शिकतो. थोड्याच दिवसांत तोंड पाण्यात घालून एक लेंग्थ, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत, जमायला लागली. एका सकाळी खोल भागात पोचलो तेव्हा दम पार संपला होता. हात उचलेनात. काठ समोर दिसत होता, पण तिथपर्यंत जाता येईल असं वाटेना. आणि तेवढ्यात माझ्या पोटाखाली हात आला.

हात म्हणजे हातच. पाण्याचा प्रवाह वगैरे नाही. सपाट तळवा, बोटं जरा फाकलेली, अंगठा बरगडीला टेकलेला. लहान मुलाला शिकवताना धरतात तसा. त्याने मला अलगद वर उचलून धरलं आणि मी काठाला लागलो. मागे वळून खाली पाहिलं तर निळ्या फरश्या आणि त्यावर हलणारं ऊन. जवळपास कुणी नव्हतं.

थंडगार हात असता तर मी तिथेच पूल सोडला असता. हा हात उबदार होता... आणि ओळखीचा होता. विहिरीत शिकताना माझ्या पोटाखाली असाच हात असायचा. आबांचा. मी मनाची समजूत घातली की शरीराला जुनी आठवण असते, दम तुटला की ती जागी होते. शास्त्रात बसतं हे. तरी मी माझ्या परीने तपासलं. लेन बदलून पाहिली, रिकाम्या पोटी पोहून पाहिलं, चहा घेऊन पोहून पाहिलं. हात यायचा तो फक्त खोल भागात, आणि फक्त दम तुटायला आला की. मी कुणाला बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा आधार वाटायला लागला होता. लेंग्थ वाढल्या, पोट उतरलं, डॉक्टर खूष. काठाला लागलो की मी मनातल्या मनात आबांना नमस्कार करायचो.

मे महिन्यात वैशूला सुट्टी लागली आणि ती माझ्याबरोबर यायला लागली. लहान मुलांसाठी शेजारी गुडघाभर पाण्याचा वेगळा हौद होता. परबची मुलगी आणि ती तिथे डुंबत बसायच्या. त्याच सुमारास आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आमच्याकडे आले. ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी, दिवसभर खाटेवर बसून असायचे. वैशू त्यांना पूलच्या गमती सांगायची.

एका सकाळी मी उथळ बाजूला दम खात उभा होतो. कोचनी टाळी वाजवली. "मानेसाहेब, मुलीला कधी शिकवलंत? झकास पोहते की!"

मी पाहिलं. वैशू मोठ्या पूलमध्ये होती. खोल भागात, अगदी मधोमध. हनुवटी वर, हात संथ चाललेले, आणि पोट पाण्याच्या इतकं वर की जणू ती टेबलावर पालथी झोपली आहे. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत नाकात पाणी गेलं तरी ती रडायची. मी कसा पोचलो मला आठवत नाही. माझ्या आधी ती काठाला लागली होती आणि हसत होती.

घरी जाताना मी तिला शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की मोठ्या पाण्यात तू कशी गेलीस. ती म्हणाली, मोठ्या पूलच्या पायरीवर बसले होते, तेव्हा त्यांनी पोटाखाली हात घातला आणि नेलं. कोणी, तर ते माहीत नाही. दिसत नाहीत, बोलतही नाहीत. आधी मला भीती वाटली, मग नाही वाटली.

मी तिचा हात घट्ट धरून चालत होतो. फाटकाशी आल्यावर ती आपणहून म्हणाली, "बाबा, उद्या ते हात काढणार आहेत."

"तुला कसं माहीत?"

"कळतं ना, बाबा. आज थोडा थोडा काढून बघत होते."

हात काढणार म्हणजे काय, ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्या वेळी वर काठावर माणूस उभा होता, हातात दोर धरून. हिच्या वेळी वर कोण असणार?

जेवताना मी आबांकडे विषय काढला, जरा हसण्यावारी नेतच. म्हटलं, आबा, तुम्ही विहिरीत माझ्या पोटाखाली हात धरायचात, आठवतं का?

आबांनी घास ताटात ठेवला. "म्या? म्या कवा उतरलोय रं हिरीत?"

मी म्हटलं, असं काय, तुम्हीच नाही का शिकवलंत मला.

"म्या वर. काठावर. दोर धरून." ते उघड्या डोळ्याने माझा चेहरा शोधत होते. "मला कुठं पवता येतंय, लेकरा?"

सुमनला वाटलं म्हाताऱ्याची गंमत चालली आहे. पण त्यांनी तसं शपथेवर सांगितलं. ते उभ्या आयुष्यात पाण्यात उतरले नव्हते. आणि कमरेला दोर असलेल्या पोराच्या पोटाखाली हात कशाला लागतो, असं त्यांनी उलट मलाच विचारलं. मी तो हात पोटावर घेऊन लहानाचा मोठा झालो होतो.

मग मी सगळं सांगितलं. वैशू गॅलरीत खेळत होती. आबा एवढंच म्हणाले, "पोरीला धाडू नगंस."

धाडायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी मीही गेलो नाही. वैशू रडली, परबची मुलगी येणार, मी का नाही, म्हणून रुसली आणि बाहेरच्या खोलीत चटईवर पालथी पडून चित्रांचं पुस्तक चाळत बसली. सुमन स्वयंपाकघरात दूध तापवत होती. आबा खाटेवर. मी दाराला आतून कडी लावली होती. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. शेजारचा रेडिओ चालू होता आणि बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं.

आमच्या बॅचची वेळ झाली तेव्हा वैशूने पुस्तक बाजूला सारलं. हनुवटी वर केली. हात पुढे नेऊन संथपणे बाजूला घेतले... पुन्हा पुढे... पुन्हा बाजूला. मला वाटलं, नक्कल करते आहे. मी हाक मारली. तिने पाहिलं नाही.

मग तिचे हात थांबले आणि ती खाली गेली.

हे कसं सांगू? ती जमिनीवरच होती. जमिनीच्या खाली कोण जातं? पण बुडणारं पोर मी विहिरीत पाहिलेलं आहे. आधी खांदे जातात, मग मान मागे पडते, डोळे वर राहतात. तसंच सगळं झालं, त्या चटईवर. तोंड उघडं, पण आवाज नाही. श्वास नाही. ओठ निळे पडायला लागले. मी तिला हलवलं, पाठीवर थापट्या मारल्या, उताणी करायला गेलो तर ती वळेना. एवढीशी पोर, पण पाण्याखालच्या दगडासारखी जड. सुमन धावत आली आणि दारातच खाली बसली.

आबांना काय दिसलं असेल? एका डोळ्याला पट्टी, दुसरा अधू. पण ते खाटेवरून ओरडले, "वर वढ तिला!"

दोर कुठला असणार? मी चटई आणि तिचं पोट यांच्यामध्ये हात सारला, तळवा वर करून, बोटं फाकून, आणि उचलून धरलं.

तिने श्वास घेतला. पाण्यातून डोकं वर काढल्यावर घेतात तसा, मोठा, ओरखडल्यासारखा. मग खोकली. मग रडली. सुमनने तिला उचलायला हात पुढे केले, म्हणून मी माझा हात काढायला लागलो... आणि तिचा श्वास पुन्हा थांबला. मी हात परत घातला. श्वास चालू.

त्यानंतर मी हात काढला नाही. सुमनने कडी काढून शेजाऱ्यांना हाक मारली, त्यांनी डॉक्टरांना आणलं. त्यांनी तपासलं, म्हणाले फिट आली असेल, आता ठीक आहे, तुम्ही हात काढा म्हणजे मला नीट बघता येईल. मी काढला नाही. ते जरा रागावले. सुमनने वैशूला तशीच पालथी ठेवून चमच्याने दूध पाजलं. माझा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. ऊन गॅलरीतून आत आलं, खाटेपर्यंत गेलं. आबांनी माझा सदरा मागून मुठीत धरून ठेवला होता. केव्हातरी वैशूला झोप लागली आणि झोपेतच ती आपणहून कुशीवर वळली. माझ्या हातावरून उतरली. मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसलो. श्वास चालू होता.

संध्याकाळी परब आला. आज दांडी का, म्हणून विचारायला. पूलवर सकाळी सगळं नेहमीसारखंच होतं. पुढे मी बरीच चौकशी केली. तिथे पूर्वी विहीर होती का, कुणी बुडालं होतं का. काही नव्हतं. माळ होता, दगड होते. गावाकडच्या आमच्या विहिरीतही कुणी बुडून गेल्याचं कुणाला आठवत नाही. एखादी हकीकत सापडली असती तर मी तिला घट्ट धरून बसलो असतो. मोठ्या हॉस्पिटलात वैशूच्या डोक्याच्या तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. तसा त्रास तिला पुन्हा झालेला नाही.

तो हात वाईट होता असं मला आजही म्हणवत नाही. मला त्याने तारलं. बहुतेक त्याला फक्त शिकवायचं असतं, आणि शिकवण्याची त्याची रीत आमच्या गावचीच आहे. मला धडकी भरते ती वेगळ्याच कारणाने. मी मध्ये हात घातला, त्यामुळे वैशूची शिकवणी अर्धी राहिली आहे. ती आता मोठी आहे, संसारात आहे, हसतीखेळती आहे. नातेवाईक म्हणतात, तिला पाण्यापासून लांब ठेवा म्हणजे झालं. मी मान हलवतो. पण त्या सकाळी ती पाण्याजवळ होतीच कुठे?