निखाऱ्यावरची वांगी, थायलंडमधली

आज बारा डिसेंबर. भरितासाठी वांगी भाजायला घेतली आणि जळक्या सालीच्या वासानं थायलंडमधलं ते खेडं आठवलं. धुळ्याहून ग्रुप टूरला गेलो होतो. माझ्या शाकाहारी जाऊबाई दोन दिवस नुसत्या फळांवर होत्या. मुक्कामाच्या घरच्या बाईनं आमच्यासमोर निखाऱ्यावर वांगी भाजली आणि मिरच्या-लसणाबरोबर खलात ठेचली. जाऊबाई सरसावून बसल्या. "वं माय, हाई ते आपलंच भरीत शे!" तेवढ्यात बाईनं तिकडे प्रत्येक भाजीत पडणाऱ्या, मासे आंबवून काढलेल्या खारट पाण्याची बाटली उचलली. मी झटकन खलावर तळहात आडवा धरला. तिचा चेहरा पडला. तिचं अन्नच आम्हाला नको, असं तिला वाटलं असणार. मी खूप हातवारे केले, पण गाइड कुठे दिसेना. खल आमच्याकडे सरकवून ती आत निघून गेली. जाऊबाई पोटभर जेवल्या. "तू बी खाय ना वं!" म्हणाल्या, पण माझं लक्ष आतल्या दाराकडेच होतं. अंथरुणातही मी नुसती कूस बदलत राहिले. सकाळी बस निघायच्या आधी तिच्या स्वयंपाकघरात गेले, तिच्यासमोरची पालेभाजीची जुडी ओढली आणि न विचारता निवडायला बसले.