अग्नीचा अर्धा नारळ

"नारळ फोडल्याबगर आमी भट्टी चालू करत नाई साहेब," माणिकराव म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. बेला गावाजवळ माणिकरावांचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. ऐन हंगामात लाइट दिवसभर गुल. फाटकाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग. आज जिनिंग फिरलं नाही तर गाड्या आदिलाबादला वळणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मी नागपूरहून गॅसिफायर बसवायला आलो होतो.

गॅसिफायर म्हणजे बंद भट्टी. आत हवा मोजकीच सोडायची. माल धड जळत नाही, त्याचा गॅस होतो. तो थंड करून, गाळून इंजिनला द्यायचा. आमचं मशीन पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, तुकड्यांवर चालायचं. पण टायरमध्ये ताकद जास्त, असं माणिकरावांना कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी इचोड्याच्या पंक्चरवाल्यांकडून ट्रकभर जुने टायर आणले. त्यांचे तुकडे करता करता, त्यांतल्या तारा ओढता ओढता माझा जीव मेटाकुटीला आला. शिवाय टायरचा गॅस झाकणाखाली फार साचतो. हवा लागली की भडका. म्हणून सगळ्यांना बजावलं होतं, भट्टी पेटल्यावर झाकण उघडायचं नाही.

नारळ भट्टीवर नको, बाहेर फोडा, असं विनवलं. त्यांनी फोडलाही. मी भट्टी पेटवून इंजिनकडे वळलो. इंजिनने सूर धरला, जिनिंगचा पट्टा फिरला, रांगेतले शेतकरी आत डोकावू लागले. मला खरंच आनंद झाला.

तेवढ्यात धप्प आवाज झाला. झाकण उघडं, वर पुरुषभर ज्वाळा, बैल उधळलेले. मी धावत भट्टीची शिडी चढून झाकण आपटलं. माणिकराव शिडीखाली बसले होते, भुवया साफ जळालेल्या.

"झाकण का उघडलं?" मी ओरडलोच.

"अर्धा नारळ अग्नीले नोको का? बाहेर फोडला तं त्याच्या तोंडात कसा जाईन?"

ठिणगी कापसावर पडली नाही, एवढंच नशीब. मशीन धडधाकट होतं. पुन्हा चालवून दाखवतो, असं मी गाडीवाल्यांना परोपरीने सांगितलं. पण भडका पाहिलेल्या अंगणात कापूस कोण उतरवणार? संध्याकाळपर्यंत फाटक रिकामं झालं. त्या हंगामात गाड्या काही परतल्या नाहीत. उरलेले टायर माणिकरावांनी पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवले.

तेव्हापासून मी झाकणाला कुलूप लावतो आणि मशीनपासून लांब एक शेगडी पेटवून देतो. अग्नीला काय द्यायचं ते तिथे द्या. शेगडीचा गॅसशी काडीचा संबंध नाही. पण तिच्याबगर मी मशीन चालू करत नाही.