पीटी मॅडमचा गुडघा

आमच्या स्टाफरूममध्ये कुणी रजेवर गेलं, की परत यायच्या आत त्याचे पाच-सहा किस्से तयार असतात. मी तर तीन महिने घरी होते! म्हणून माझे किस्से माझ्याच तोंडून ऐका. लोकांकडून ऐकाल, तर माझा पाय कधी मोडलाच नव्हता.

मी पुसदच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. अठरा वर्षं पोरींना मैदानावर पळवतेय. आणि पडले कुठं? स्टाफरूमच्या पायरीवरून! उजव्या गुडघ्याच्या वाटीला चीर. सहा आठवडे प्लास्टर.

नेमकी दोन दिवसांनी सर्वेक्षणाची ड्यूटी लागणार होती. झालं! आमचे क्लार्क गावंडे यांना संशय आला. गावंडे म्हणजे रजेच्या अर्जावरची सहीसुद्धा उजेडात धरून बघणारा माणूस. ते फूटपट्टी घेऊन पायरीपाशी गेले, वाकून मोजलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"साडेचार इंच! एवढ्यावरून पीटी मॅडम पडते, बाप्पा?"

* * *

चौथ्या दिवशी मुख्याध्यापक राठोड सर आणि गावंडे मला "भेटायला" घरी आले. मी खुर्चीत, पाय समोर स्टुलावर. सासूबाईंनी चहा दिला. गावंडेंची नजर प्लास्टरवरून हलेना. एकदा तर त्यांनी बोटानं टकटक करून पाहिलं!

चहा अर्धा झाला आणि गावंडे एकदम ओरडले, "मॅडम, साप! खुर्चीखाली साप!"

सासूबाई काठी आणायला धावल्या. राठोड सर कपबशीसकट दिवाणावर चढले. मी जागची हलू शकत नव्हते, नुसती किंचाळले.

गावंडेंनी शांतपणे चहा संपवला. वर बघत म्हणाले, "उतरा सर. खरंच मोडलं हाय."

* * *

प्लास्टर निघालं तेव्हा आतून पाय कसा निघाला, सांगू? शेवग्याची शेंग! मांडीचा स्नायू म्हणून काही शिल्लकच नव्हता.

फिजिओथेरपिस्ट एक तरुण मुलगी होती. तिनं टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवली. "दाबा. पाचपर्यंत मोजा. सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ."

"आणि मग?"

"मग काही नाही. आराम."

मला वाटलं, ही पोरगी मला बनवतेय. आठवीच्या पोरींना वॉर्मअपलाच मैदानाचे चार राउंड मारायला लावणारी बाई मी! ती जाताच दहाचे चाळीस केले. दुसऱ्या दिवशी गुडघा पपईएवढा.

सूज आल्याचं ऐकून तिनं फोनवर विचारलं, "दहाच केले ना?"

"दहाच."

"मॅडम, मग गुडघा खोटं बोलतोय का?"

* * *

सासूबाईंचा संशय वेगळाच. त्यांचा सारा जन्म शेतात गेला, कापूस वेचण्यात. सून पलंगावर पडून टॉवेल दाबते आणि त्याला व्यायाम म्हणते, हे त्यांना पटेना. तीन दिवस त्या दारातून बघत राहिल्या. चौथ्या दिवशी बोलल्या,

"काय वं, हा व्यायाम हाय?"

"हो, आई."

"असा त माहाबी रोज होते. जेवण झाल्यावर!"

* * *

आता एक हसू न येणारी गोष्ट. महिन्याभरानं ओट्याला धरून उभं राहायला लागले. मग न धरता चार पावलं. दुखत नव्हतं. पण उजवा पाय टेकवायची वेळ आली, की हात आपोआप ओट्याकडे जायचा. त्यात राठोड सरांचा फोन आला होता. "मॅडम, तब्येत सांभाळा. वाटल्यास मैदान सोडा, वाचनालय घ्या." आवाज इतका गोड, की मला कळून चुकलं, माझ्या जागी कुणीतरी बघून ठेवलंय. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून रडले.

फिजिओच्या पोरीला सांगितलं, "पाय माझाच आहे गं, पण भरवसा वाटत नाही."

ती म्हणाली, "त्यालाही तुमचा वाटत नसेल. त्या दिवशी खरंच दहाच केले होते का?"

त्यानंतर मात्र मी दहाचे अकरा केले नाहीत.

* * *

हजर झाले त्या सोमवारी राठोड सरांनी वाचनालयाची किल्ली पुढं केली. मी म्हटलं, "सर, आधी बघा." आणि मैदानावर गेले. पळाले नाही. एक राउंड, सावकाश, चालत. सगळा स्टाफ व्हरांड्यात उभा. गावंडे मोबाइलवर शूटिंग करत होते, पुरावा म्हणून!

परत आले तेव्हा सरांनी किल्ली खिशात टाकली होती. गावंडे मात्र काळजीत.

"सर, मॅडम अजिबात लंगडत नाई. मंग रजा खोटी होती, असं लिहू का?"

* * *

पण माझा आवडता किस्सा त्याच्या आदल्या दिवशीचा, रविवारचा.

घरात, अंगणात चालून झालं होतं. रस्त्यावर एकटी गेले नव्हते. शाळेत जायच्या आधी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "जा ना. मले कायले सांगतं?"

निघाले. दहा-बारा घरं ओलांडली. मागं चपलांचा आवाज. मी थांबले की आवाज थांबे. चालले की पुन्हा सुरू. शेवटी गर्रकन वळले. सासूबाई! डोक्यावर पदर, काखेत पिठाचा डबा.

"आई, कुठं चालल्या?"

"चक्कीवर. दळण टाकाले."

"डबा तर रिकामा दिसतोय."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे. मग म्हणाल्या,

"चक्कीबी बंदच हाय आज. तू चाल पुढं!"