आतल्याला आवतण

"अजून आला नाही."

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या जपानी मॅडमचं हे ठरलेलं वाक्य. कारेगावातच एका कारखान्यात त्या नोकरीला. सुट्टी असली की आमच्या गोठ्यात पाट टाकून, कोरा कागद पुढ्यात घेऊन बसायच्या. समोर आमचा हौशा बैल रवंथ करत उभा. मी म्हणायचे, "अहो मॅडम, हा काय एवढा थोरला उभा हाय समोर."

"बैल आला. आतला नाही आला."

त्यांच्याकडं हल्ली काही चित्रकार असंच काढतात म्हणे. जनावराचं नुसतं रूप नाही, त्याच्यात वस्तीला असलेला देव. आता तुम्हीच सांगा, काय समजायचं? मला वाटायचं, नाचता येईना अंगण वाकडं.

सासऱ्यांना, आबांना मात्र घाई होती. हौशा थकला होता. वैरण तोंडात धरून तसाच उभा राहायचा. "त्याच्या माघारी मला बघाय कायतरी पायजे, मॅडम. तेवढं काढाच," आबा म्हणायचे.

"काढणार. खोटा नाही काढणार."

गोमाशा चावल्या, पावसाचं पाणी पाटाखाली आलं, बाई हलली नाही. कागद कोराच.

भादवी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला आबांनी हळद-तूप चोळलं आणि हौशाच्या कानाशी म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मॅडमनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "उद्या तो पाव्हणा. बोलावल्याबिगर पाव्हणा येतो व्हय?"

त्यांचा चेहरा पडला. "मी बोलावलंच नाही. नुसती वाट बघितली."

उठल्या, हात धुतले, हळद-तुपात बोटं बुडवून हौशाचा खांदा चोळला. कमरेतून वाकून, मोडक्या मराठीत आवतण दिलं. मला हसू येत होतं, पण हसवेना.

दुसऱ्या दिवशी हौशानं पुरणपोळी खाल्ली आणि मॅडमनी चित्र काढलं. संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. बैल असा पुरता नव्हताच त्यात. घट्टा पडलेला खांदा आणि एक डोळा. आबा बघत राहिले, मग रडले. "आला गं," म्हणाले.

हौशानं दिवाळी काही बघितली नाही. त्यानंतर मॅडमही त्यांच्या देशी गेल्या. चित्र घरात नको, गोठ्यातच राहू द्या म्हणाल्या.

यंदा आबांना उठवत नाही, म्हणून खांदेमळणीला वाटी घेऊन मीच गोठ्यात गेले. चित्रातल्या खांद्याला चोळलं तर चित्र खराब होईल, म्हणून हळद-तूप हौशाच्या खुंट्याला लावलं. हौशाला आवतण दिलं. मग वरच्या बंद खोलीकडं तोंड केलं, आणि मॅडमनाही दिलं.

उद्या पुरण दोन पाहुण्यांचं जास्त घालणार आहे.