गाण्यांखालची पट्टी

पट्टीमास्तरांना गाणी आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. दिवसरात्र गाण्यांखेरीज दुसरं काही न दाखवणाऱ्या चॅनेलमध्ये त्यांनी इतकी वर्षं काढली, पण एखादी ओळ गुणगुणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. त्यांची नजर पडद्याच्या खालच्या दोन बोटांवर असायची. तिथून लोकांचे निरोप सरकत जायचे, आणि ते निरोप मास्तर लावायचे.

त्यांचं खरं नाव ऑफिसात पगार काढणाऱ्याला ठाऊक असेल. आधी ते एका छापखान्यात प्रुफं तपासत. छापखाना बुडाला, आणि कुणाच्या तरी ओळखीनं पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याशी बटण, अशा अवतारात ते आमच्याकडे आले. आमच्याकडे तेव्हा केस उभे करून फिरणारी मंडळी होती. ‘हे आजोबा इथे टिकायचे नाहीत,’ असं मीच म्हणाले होते. मी गाण्यांच्या मधल्या जाहिराती जोडायचे. माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं, आणि थोड्याच दिवसांत माझं तोंड बंद झालं. मास्तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. डबा खायला बसले तरी एक डोळा पट्टीवर.

चॅनेलची कथा म्हणाल तर सुरुवात मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाली. त्याआधी टीव्हीवर गाणी लागायची ती आठवड्यातून अर्धा तास, आणि ती आजी-आजोबांच्या मांडीला मांडी लावून बघावी लागायची. नटीनं पदर सोडला की वडील पाणी प्यायला उठायचे. आमचं चॅनेल आलं आणि गाणं ही घरानं मिळून बघायची गोष्ट राहिली नाही. पोरं न्हाव्याकडे जाऊन ‘चॅनेलवाल्यासारखे कापा’ म्हणू लागली. आमचे सूत्रधार जसं अर्धवट तोडून, खांदे उडवून बोलायचे तसं पोरं आईशी बोलू लागली आणि मार खाऊ लागली. चहाची दुकानं, दवाखान्यांच्या बाहेरची बाकडी, वसतिगृहं, सगळीकडे आम्हीच. आम्ही पिढी बिघडवली, असं वर्तमानपत्रांत छापून यायचं. लिहिणारे गृहस्थ ते कळण्याइतकं मन लावून आम्हाला बघत होते, एवढं मात्र खरं.

मग लोकांच्या हातात फोन आले आणि मॅडमनी पट्टी काढली. मॅडम म्हणजे आमच्या कार्यक्रमप्रमुख, डोकं तल्लख आणि काळीज बेताचं. फोनवरून निरोप पाठवा, तो गाण्याखाली झळकेल. लोक तुटून पडले. आईबापांच्या नाकासमोरून, बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर, पोरं एकमेकांना निरोप धाडत होती. सगळे टोपणनावानं. ‘गुलाबी ओढणी, उद्या नाही आला तर मी संपलो.’ अशी मराठी वाचून मास्तर कपाळाला हात लावायचे, मग मुकाट्यानं ‘आला’ बदलून ‘आलीस’ करायचे आणि सोडून द्यायचे. शिव्या काढायच्या, फोन नंबर काढायचे, बाकी जाऊ द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या बायकोचा मात्र राग होता. ‘अख्ख्या गावाची प्रेमपत्रं लावता, मला आजवर एक ओळ लिहिली नाहीत,’ असं ती आमच्यासमोर म्हणाली होती. मास्तर कानापर्यंत लाल झाले होते.

प्रत्येक निरोपामागे पैसे मिळायचे, त्या पट्टीवर चॅनेल जगत होतं. म्हणून मॅडमचा एकच हुकूम होता, पट्टी रिकामी दिसता कामा नये. पण भर दुपारी निरोप आटायचे. पोरं शाळा-कॉलेजात, कामकरी कामावर. अशा वेळी मास्तर जुने निरोप पुन्हा लावायचे. ऑफिसात त्याला आम्ही ‘शिळं’ म्हणायचो. ‘मास्तर, आज ताजं काय, शिळं काय?’ असं चालायचं. शिळ्यासाठी निरोप निवडताना एकच बघायचं, त्यात वार-तारीख नको. बघणाऱ्याला तो आत्ताच आलाय असं वाटलं पाहिजे. यात कुणाचं काही बिघडतं, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मास्तरांचा एक आवडता शिळा निरोप होता. ‘आई, मी मजेत आहे. जेवतो वेळेवर. – लंबू.’ त्या प्रेमाच्या चिखलात आईला पाठवलेला तो एकटाच निरोप होता. मास्तर म्हणायचे, ‘हा लावला की बरं वाटतं हो. कुणीतरी शहाणं पोर आहे.’ दुपार सुनी पडली की लंबू यायचाच. आम्हालाही तो ओळखीचा झाला होता.

एके दिवशी बाहेरच्या खोलीत एक बाई आणि एक पुरुष येऊन बसले. बाईच्या गळ्यात शिवणकामाची मोजपट्टी तशीच राहिली होती. घाईत निघाली असावी. पुरुष तिचा दीर. त्यानं मॅडमसमोर हात जोडले आणि सांगायला सुरुवात केली. मी आणि मास्तर काचेच्या अलीकडेच होतो, सगळं ऐकू येत होतं.

‘माझा पुतण्या घरातून गेला. माझ्याशीच वाजलं होतं त्याचं, कामधंद्यावरून. काल कालव्यात एक प्रेत मिळालं, मॅडम. डॉक्टर म्हणतात तीन आठवडे तरी झाले असतील. मी बघून आलो. तोच आहे. इतका उंच पोरगा, इस्पितळातल्या त्या फळीवर मावत नाही, पाय बाहेर येतात. पण वहिनी बघायला यायलाच तयार नाही. आईनं ओळख पटवल्याशिवाय ते प्रेत ताब्यात देत नाहीत.’

‘कशाला येऊ?’ बाई म्हणाली. आवाज अगदी शांत. ‘परवा त्याचा निरोप आला तुमच्या टीव्हीवर. त्याच्या आदल्या दिवशीपण आला. मेलेलं माणूस निरोप धाडतं का? घरचा फोन भाऊजी उचलतात म्हणून तो इकडून सांगतो मला. मी मशीन टीव्हीसमोरच मांडलंय.’

दीर म्हणाला, ‘वहिनी, लंबू नावाची काय कमी पोरं असतील? मॅडम, तो निरोप कुणाचा, कधीचा, तुम्हीच सांगा हिला.’

‘वेळेवर जेवतोस का, असं मीच विचारायची त्याला. ते दुसरं पोर कशाला लिहील?’

मास्तरांकडे बघण्याची हिंमत होईना. बघितलं तेव्हा ते उठून उभे होते.

मॅडम चटकन आत आल्या आणि दार लावून घेतलं. ‘मास्तर, मी सांगते तेच सांगायचं. निरोपांची माहिती आम्ही देत नाही, नियम आहे. बस. शिळं लावतो हे बाहेर गेलं तर उद्यापासून एक माणूस निरोप पाठवणार नाही. तुमचा पगार, हिचा पगार, सगळं त्या पट्टीवर आहे. आणि तुम्ही सांगितल्यानं पोरगा परत येणार आहे का?’

‘नाही येणार,’ मास्तर म्हणाले.

‘मग?’

‘पोरगा तिथे फळीवर पडलाय, मॅडम.’

एवढं बोलून ते बाहेर गेले. बाईच्या समोर खुर्चीवर बसले आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सांगून टाकलं. निरोप आला होता तो एकदाच, घर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर जितक्या वेळा आला तितक्या वेळा तो आम्हीच लावला होता, जागा भरायला. दिरानं तोंडावर हात घेतला. बाई मास्तरांकडे बघत राहिली.

‘म्हणजे परवा तो नव्हता,’ ती म्हणाली.

‘नव्हता.’

‘तुम्ही होता.’

‘हो. मी होतो.’

मी आजवर अनेकांना शिव्या खाताना पाहिलंय, मार खातानाही पाहिलंय. इतका मार खाल्लेला माणूस मी पाहिलेला नाही. बाईनं गळ्यातली मोजपट्टी काढली, तिची गुंडाळी केली आणि पिशवीत टाकली. मग दिराला म्हणाली, ‘चला भाऊजी, घेऊन येऊ त्याला.’

ते दोघं जिना उतरले आणि मॅडमनी मास्तरांना तिथल्या तिथे घरी बसायला सांगितलं. मास्तरांनी हुज्जत घातली नाही. टेबल आवरायला म्हणून ते शेवटचे यंत्रासमोर बसले, शिळ्या निरोपांची जागा उघडली आणि लंबूचा निरोप पुसून टाकला. कुठेही राहू नये म्हणून मूळ आलेला होता तोही शोधून पुसला. मला म्हणाले, ‘उद्या कुणीतरी नवा येईल, त्याला काय माहीत? तो दुपारी लावून मोकळा होईल आणि ती बाई घरात बसून बघेल. एवढं तरी माझ्या हातात आहे.’ मला ते इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. भला माणूस, असं मी मनात म्हणाले, आणि आजही म्हणते.

दोनेक आठवड्यांनी ते माझ्या घरी आले. त्या बाईला भेटायला जायचं होतं, एकट्याचं धाडस होत नव्हतं. मी गेले. जिन्याखालची एकच खोली होती. कपड्यांचे गठ्ठे, कापलेल्या बाह्या, शिवणयंत्र, आणि यंत्रासमोर टीव्ही. आमचं चॅनेल चालू होतं, आवाज बंद. पडद्यावर कुणीतरी नाचत होतं, खालून निरोप सरकत होते. बाईनं आम्हाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. राग धरल्यासारखं काहीच नव्हतं. मास्तर खाली बघून बोलू लागले.

‘बाई, मी माफी मागायला आलोय असं नाही. माफी मागायचं तोंड नाही मला. पण एक सांगायचं होतं. तो निरोप आता पुन्हा कधी येणार नाही. मी निघताना पुसून आलोय. तुम्हाला आता त्याचा त्रास व्हायचा नाही.’

बाईचा पाय शिवणयंत्राच्या पायपट्टीवर होता, तो थांबला.

‘पुसलात?’

‘हो. मुळातून.’

‘तरीच,’ ती म्हणाली. ‘मी रोज दुपारी बघते. म्हटलं, आज का नाही, उद्या तरी लावतील.’

मास्तरांना कळेना. मलाही कळायला वेळ लागला.

‘तो आता नाही ते मला माहीत आहे हो. मी बघितलंय त्याला. पण पहिल्या दिवशी त्यानंच लिहिलं होतं ना? तुम्हीच म्हणालात, एकदा तोच होता.’ तिचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘त्याच्या हातचं दुसरं काय आहे माझ्याकडे? शाळेची पुस्तकं भाऊजींनी रद्दीत घातली. फोन पाण्यात गेला. आई, मी मजेत आहे, एवढंच त्यानं मला लिहिलं होतं, आणि ते तुमच्याकडे होतं. कुणाला विचारून पुसलंत?’

बाईनं तोंड फिरवलं, टीव्हीचा आवाज मोठा केला आणि पुन्हा मशीन चालवायला घेतलं. तिनं आम्हाला जा असंही म्हटलं नाही.