अर्धा बघितलेला पिक्चर

भांगलायला बसलं की क्रांतीकाकूची पात, तिच्या वाट्याची ओळ, शेजारच्या बायका काढायच्या. पलूसच्या आसपास मळ्यामळ्यांतून फिरणाऱ्या उमाक्काच्या टोळीत तसा रिवाजच पडून गेला होता. काकूनं पिक्चरची स्टोरी सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्या वाटणीचं तण उपटायचं. गुडघा गेल्यापासून तर तिच्या हातातलं खुरपं नावालाच उरलं होतं. चालायची ती जीभ. ही जीभ थांबली तर उमाक्का आपल्याला टोळीत ठेवणार नाही, हे काकूला पक्कं ठाऊक होतं.

हळदीच्या रानात भाकरी सोडल्यावर उमाक्काची नवी सून अंकिता म्हणाली, "चला, एकेकीनं सांगा. आजवरचा सगळ्यात आवडता पिक्चर."

"बांगड्यांचा," नूरजहांभाभी म्हणाली.

"माजाबी त्योच," उमाक्का म्हणाली.

"कुठं बघितला?"

"बघतीय कुठं? काकूनं सांगितला की."

बाकीच्यांनीही तोच सांगितला. एकीनंही न बघितलेला पिक्चर सगळ्या टोळीचा लाडका होता. काकूला घास गोड लागला. नवऱ्यानं हाकललेली जनी डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन बाजार धरते, पुढं दुकान टाकते, आणि एक दिवस कफल्लक झालेला नवरा पायरीशी आला की ओळख न दाखवता विचारते, "पाव्हणं, माप कुणाच्या हाताचं?" भाभी तिथं दर वेळी डोळे पुसायची.

"गाणं कसं हुतं त्यातलं?" अंकितानं मोबाईल काढला. कुणीतरी गुणगुणून दाखवलं. "घावला बगा."

"ऱ्हाऊ दे गं," काकू म्हणाली. "एवढ्याशा फोनवर डोळं बिघडत्यात."

कुणी ऐकलं नाही. अंकितानं पिक्चर पुढं पुढं पळवत लावला आणि सगळ्या फोनवर वाकल्या. काकू तेवढी मागं बसून त्यांच्या खांद्यांवरून बघत राहिली.

लग्नाच्या वर्षी इस्लामपुरात तिनं तो इंटरव्हलपर्यंत बघितला होता. दिवे लागले आणि नवरा उठला. त्यानं दोस्तांबरोबर आधीच बघितलेला. "फुडं काय हुतंय मला ठावं हाय. चल, एसटी जाईल." वाटेत तिनं भीत भीत विचारलं, जनीचं काय झालं? "तुज्यासारखीचं काय हुनार?" म्हणून तो हसला होता. मग पुढचं तिचं तिनंच रचलं, भांगलता भांगलता, रोज थोडं थोडं.

फोनमधल्या जनीनं बांगड्यांच्या पेटीला हातसुद्धा लावला नाही. ती नवऱ्याच्या गोठ्यात उपाशी पडून राहिली. शेवटी त्याच्या पायावर डोकं ठेवून मेली, आणि त्यानं दुसरी केली.

"आगं, दुकान कुठाय?" एकीनं विचारलं.

"काकूनं परस्पर टाकलं."

"भाड्याचं का सोताचं?"

बायका ठसका लागेपर्यंत हसल्या. भाभी हसली नाही. "माज्या अर्शियाला सांगितलं मी. नवरा हाकलतोय तर भिऊ नगंस, जनीगत ऱ्हा म्हनलं. आली पोरगी निघून. बसलीया घरात. हाय का तिला कुठं दुकान?"

"भाभी, मी काय मुद्दाम…"

"तू गप बस."

उमाक्का लुगडं झटकत उठली. "जेवनं झाली न्हवं? काकू, आता खरी सांग. मग बगू तुज्या पातीचं."

बायका पातीला बसल्या आणि काकूनं सांगितली. सांगता सांगता तिला गती आली. तिनं जनीला उपाशी ठेवली. पिक्चरमध्ये जनीला एकच लाथ बसते, काकूनं आणखी दोन घातल्या. सासूला तिच्या झिंज्या धरायला लावल्या. जनी जिवंत असतानाच दुसरी बायको आणायला नवऱ्याला वाजतगाजत पाठवला आणि जनीला गोठ्यातून ती वाजंत्री ऐकायला लावली. इतकी वर्षं जिला जपलं तिला ती पात राखण्यासाठी हालहाल करून मारत होती, आणि तिचं लक्ष बायकांच्या तोंडाकडं होतं. कोण गलबलतंय का, कोण हात आपल्या पातीकडं वळवतंय का.

जनी मेली. काकूनं खाली बघितलं. तिच्या पातीतलं तण जागच्या जागी उभं होतं.

"ब्येस सांगितलीस," उमाक्का म्हणाली. "पर ह्ये आमी आत्ताच बगितलं की गं."

उमाक्का सुनेकडं वळली.

"अंकिते, दुसरा लाव. मोट्या आवाजात लाव. आन काकू, उद्यापास्नं येऊ नगंस. तेवडाच गुडघ्याला आराम."

"आक्का, मी दुसरी सांगते. नवी सांगते."

"आजची पात तेवडी काढ आन मग जा."

अंकितानं फोन ओच्यात खोचला. बायका सरसर पुढं सरकल्या. काकूनं दुखरा गुडघा ढेकळांवर टेकवला आणि खुरपं चालवायला लागली. पुढं कुणीतरी फोनमधून रडत होतं, कुणीतरी दार आपटलं. मग सगळ्या खो खो हसल्या. तिच्यापर्यंत शब्द पोचेनात.

"काय झालं गं?" तिनं विचारलं.

एकीनंही मागं वळून सांगितलं नाही.